कानातली शिट्टी आणि दोन बैल

माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजते. झोपेतून उठलो की पहिली तीच, दिवा मालवला की शेवटची तीच. तपासणीच्या काचेच्या खोलीत बसवून हेडफोनमधून वेगवेगळे सूर ऐकवले आणि "यातला तुमचा कोणता?" असं विचारलं, तेव्हा तो सूर ६००० हर्ट्झच्या आसपास निघाला. डावा कान तुलनेने सभ्य आहे. तो कधीकधीच बोलतो.

याला डॉक्टर टिनिटस म्हणतात, वैद्य कर्णनाद म्हणतात आणि आमची ही "तुमचं ते कानाचं" म्हणते.

हे आलं कुठून याबद्दल मला शंका नाही. बडोद्याच्या आजूबाजूला रिफायनरी, खतं, पेट्रोकेमिकल यांचा जो पट्टा आहे, त्यातल्याच एका कारखान्यात माझी नोकरी झाली. नाव सांगत नाही. पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उगाच धुरळा नको. मी मेंटेनन्सला होतो आणि माझा बराचसा काळ कॉम्प्रेसर हाऊसमध्ये गेला. कायद्याने आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा. आमच्याकडे ती किती पाळली जायची हे आम्हाला आणि देवाला माहीत. कानात घालायचे प्लग होते, पण कुलपाच्या कपाटात. ऑडिट आलं की वाटायचे, ऑडिट गेलं की परत गोळा करायचे. तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांची अशी समजूत होती की वस्तू वापरली की खराब होते.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. सरळ चाललेली रेघ ४००० हर्ट्झला खाली गेलेली. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्यांचा आलेख असाच दिसतो म्हणे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यातल्या केसपेशी आवाजाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग तिकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, आणि ती शिट्टी म्हणजे त्या वाढवलेल्या व्हॉल्यूमचीच असावी, असं त्यांनी समजावलं. मला पटलं. ॲम्प्लिफायर मी पाहिलेले आहेत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "याला औषध नाही. सवय करून घ्या."

सवय करून घ्या म्हणजे नक्की काय करा, हे त्यांनी सांगितलं नाही.

लसणाचं कोमट तेल, मोहरीचं कोमट तेल, कानात रात्रभर कापूस, हे सगळं झालं. सुनेने मोबाइलवर पावसाचा आवाज लावून दिला. ती गुजराती, मायेची पोर, "पप्पा, आ सांभळतां सांभळतां ऊंघ आवी जशे" म्हणाली. ऊंघ, म्हणजे झोप, आली, पण पहाटे तीनला पाऊस संपला आणि शिट्टीने मला उठवलं.

या सगळ्यात वाईट काय होतं? शिट्टी नव्हे. शिट्टीच्या मागून येणारी मिरवणूक. आवाज जाणवला रे जाणवला की लगेच: आज कालपेक्षा मोठा आहे का? डाव्यातही सुरू झाला का? असाच वाढत गेला तर? प्लग दिले असते तर? त्या कपाटाची किल्ली कुणाकडे होती? अर्ध्या मिनिटात मी माझ्या पलंगावरून थेट कॉम्प्रेसर हाऊसमध्ये, मॅनेजरच्या टेबलासमोर, त्याला तेव्हा न सुनावलेलं सगळं सुनावत उभा. रक्तदाबाची गोळी याच काळात सुरू झाली.

विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीकडे मी वळलो तो शांती वगैरे मिळवायला नाही. पुण्याच्या मामेभावाने ती शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींची गोष्ट सांगितली म्हणून. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात, मंडालेत जन्मलेले, व्यापारी घराण्यातले. त्यांना मायग्रेन होतं, इतकं की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन म्हणजे कुणी गुहेतले साधू नव्हेत. ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. दिवसा हिशेब तपासायचे आणि आपल्याच कचेरीतल्या लोकांना ध्यान शिकवायचे. (आमच्या अकाउंट्सवाल्यांना हे मी मुद्दाम सांगतो.) तर गोयंका म्हणाले, डोकं दुखतं, ते थांबवा. ऊ बा खिन यांनी सुरुवातीला घ्यायलाच नकार दिला: डोकेदुखीसाठी आलात तर धर्माची किंमत कमी कराल.

आता या गोष्टीतून काय घ्यायचं ते स्पष्ट आहे. मी नेमकं उलटं घेतलं: म्हणजे पुढे शिबिर केल्यावर मायग्रेन गेलं ना? मग कानाचंही जाईल. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राचा फॉर्म भरला.

धम्मगिरी १९७६ सालचं. पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केलेल्यालाच दान देता येतं. पहाटे चारला घंटा. साडेचारपासून रात्री नऊपर्यंत मिळून दहाएक तास बसणं. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि मुरमुरे किंवा फळ, मग दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत काही नाही. मोबाइल जमा. बोलणं बंद, खुणाही बंद, शेजाऱ्याच्या डोळ्यात बघायचं नाही. त्याला आर्यमौन म्हणतात. ते दहाव्या दिवशी सुटतं.

माझ्यासारख्याला कुठे पाठवू नये तर अशा ठिकाणी. बडोद्यात निदान दांडिया बाजारची रहदारी आहे, समोरच्या दुकानाचं शटर आहे, भाजीवाला आहे. इगतपुरीच्या डोंगरात रात्री काही म्हणजे काही नाही. सभागृहात शेकडो माणसं गप्प बसलेली, कुणाचा खोकला, कुणाचं पोट गुरगुरलेलं, आणि त्या सगळ्यांच्या वर माझी शिट्टी. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. श्वास आपल्या चालीने चालू द्यायचा, मुद्दाम खोल घ्यायचा नाही. मला दोन श्वास सापडायचे, तिसऱ्याला शिट्टी, चौथ्याला मॅनेजर.

दुपारी सहायक आचार्यांना प्रश्न विचारता येतात. मी सगळी कैफियत मांडली, हर्ट्झसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वाजू द्या. तुमचं काम श्वासाशी आहे." मला भयंकर राग आला. इतक्या लांबून हे ऐकायला आलो होतो का?

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेका भागावर लक्ष न्यायचं, तिथे जे असेल ते पाहायचं: उष्णता, खाज, मुंग्या, दाब, दुखणं. सुखद असेल तर हवंहवंसं म्हणायचं नाही, दुखद असेल तर नकोनकोसं म्हणायचं नाही. त्यात एकेक तासाची अधिष्ठानाची बैठक: हात, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझा डावा गुडघा जुना आहे. त्या तासांत त्याने जे काही केलं त्याचं वर्णन करत नाही. पण एक गोष्ट मी पाहिली. 'गुडघा दुखतोय' ही एक सलग गोष्ट नव्हती. आत बारीक ठोके होते, मग आग होती, मग मधेच काही सेकंद काहीच नव्हतं. सलग होती ती फक्त माझी कुरकुर.

हे गुडघ्याचं मला तिथे कळलं. कानाचं कळलं नाही. परत आलो तेव्हा हिने दारातच विचारलं, "अहो, गेली का शिट्टी?"

"नाही."

"मग इतके दिवस केलं काय?"

"बसलो."

"ते इथे नव्हतं का करता येत?"

तिचा प्रश्न बिनतोड होता, म्हणून इथेच बसू लागलो. आणि इंजिनिअर असल्यामुळे मॅन्युअल वाचल्याशिवाय राहवेना. आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून उभं केलेलं ग्रंथालय, काचेच्या लाद्यांचे मजले असलेलं. तिथल्या मराठी विभागात धर्मानंद कोसंबींचा 'समाधिमार्ग' हाती आला. कोसंबी गोव्याचे. बुद्धाचा धर्म शिकायचा या ध्यासाने घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असे फिरले, तिकडे भिक्षू झाले, ब्रह्मदेशात ध्यानही केलं. पुढे सयाजीरावांनी त्यांना कळवलं, महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, दरमहा ५० रुपये देतो. कलकत्त्याची नोकरी सोडून ते आले. बुद्ध, धर्म आणि संघ या विषयांवर त्यांची व्याख्यानं आमच्या बडोद्यातच झाली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी या गावात मराठीतून हे सांगून झालं होतं आणि मी ते ऐकायला इगतपुरीला गेलो.

त्या परंपरेत ध्यानाचे विषय चाळीस. कर्मस्थान म्हणतात त्यांना. मातीचं वर्तुळ बघण्यापासून प्रेतावर चिंतन करण्यापर्यंत सगळं आहे, आणि माणसाच्या स्वभावाप्रमाणे विषय द्यायचा असतो. स्वभाव सहा सांगितलेत. त्यातला वितर्कचरित म्हणजे ज्याचं डोकं एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं काढत सुटतं तो. मी लगेच ओळखला. त्याला आनापान द्यावं असं सांगितलंय. सहायक आचार्यांवरचा माझा राग तिथे निम्मा उतरला.

उरलेला उतरला तो सतिपट्ठान सुत्त या बुद्धाच्या ध्यानावरच्या प्रवचनातल्या एका ओळीने. श्वास, शरीर, वेदना, चित्त असं करत करत बुद्ध इंद्रियांपाशी येतो आणि कानाबद्दल सांगतो: सोतं च पजानाति, सद्दे च पजानाति, यं च तदुभयं पटिच्च उप्पज्जति संयोजनं तं च पजानाति. भिक्षू कान जाणतो, आवाज जाणतो, आणि त्या दोघांच्या आधाराने जे बंधन उपजतं तेही जाणतो. तीन वेगळ्या गोष्टी! मी आयुष्यभर पंप आणि मोटर यांच्यात बिघाड कुणाचा यावर भांडलेला माणूस. दोघंही ठीक असून त्यांना जोडणारं मधलं कपलिंग गेलेलं असतं, हे मी कितीदा शिकाऊ पोरांना सांगितलं असेल.

ही ओळ मी कमाटी बागेत आमच्या भाऊंना वाचून दाखवली. भाऊ मूळचे खानदेशचे, आमच्याकडे फिटर होते. रिटायर होऊनही मला साहेब म्हणतात, मी त्यांना भाऊ. सकाळी आम्ही बागेत फिरतो आणि संकल्पभूमीपाशी थांबतो. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगतो: महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, या गावाने त्यांना राहायला जागा दिली नाही. २३ सप्टेंबरला ते या बागेत वडाखाली बसले, रडले, आणि आयुष्याचं काय करायचं ते ठरवून उठले. दर वर्षी त्या दिवशी तिथे गर्दी असते. भाऊ एकही वर्ष चुकवत नाहीत.

माझ्या ध्यानाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "साहेब, आमच्याकडं त्रिशरण आहे, पंचशील आहे, वंदना आहे. डोळे मिटून बसायचं फॅड तुमच्या लोकांचं. आम्हाला डोळे उघडे असलेला बुद्ध दिलाय बाबासाहेबांनी."

"मग डोळे उघडे ठेवून बसा."

"बसून काय होणार? प्लग मागायला पाहिजे होते तेव्हा आपण सगळे बसूनच होतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. ध्यानाने मनाची कुरकुर कमी होते, कारखान्याचा आवाज होत नाही. तो कमी करायला युनियन लागते, इन्स्पेक्टर लागतो. शांतीचे वर्ग घेणारे पुष्कळ लोक ही बाजू सफाईने गाळतात आणि माणसाला वाटायला लागतं की सगळा दोष आपल्याच मनाचा. तसं नाही. माझ्या केसपेशी मनाने मारल्या नाहीत.

पण बंधनाची ओळ भाऊंना आवडली. म्हणून मी त्यांना संयुत्त निकाय या पाली ग्रंथातली बैलांची उपमाही सांगितली. महाकोट्ठित हा भिक्षू बुद्धाच्या पट्टशिष्याला, सारिपुत्ताला विचारतो, कान आवाजाला बांधतो की आवाज कानाला? सारिपुत्त म्हणतो, समजा एक काळा बैल आणि एक पांढरा बैल एकाच जुवाला जुंपलेत. काळ्याने पांढऱ्याला बांधलंय म्हणाल का? की पांढऱ्याने काळ्याला? दोघांनाही बांधलंय ते जुवाने. तसं कान आणि आवाज यांना बांधते ती त्या दोघांपायी उठणारी आसक्ती. भाऊंच्या वडलांकडे बैलजोडी होती. ते बराच वेळ चालले आणि म्हणाले, "जू मानेवर नसलं ना साहेब, तर दोन बैल एका गोठ्यात आरामात बसतात. एकमेकाला चाटतात बी."

मग त्यांनीच मला कामाची गोष्ट आठवून दिली. बेअरिंग कसं आहे हे आम्ही कसं पाहायचो? लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. चांगलं बेअरिंग एकसारखं फिरतं. ग्रीस संपलं की कोरडी किरकिर. पंपात कॅव्हिटेशन असलं, म्हणजे आत वाफेचे बुडबुडे होऊन फुटायला लागले, की कुणी खडी ओतल्यासारखी खडखड. ऐकताना आवडलं-नावडलं असा प्रश्नच नसायचा. काय आहे एवढंच. भाऊ म्हणाले, "तुम्ही तर दहा मशीन चालू असताना एक बेअरिंग ऐकायचे. आता एकच मशीन आहे तर भ्याले का?"

त्या संध्याकाळी घरी श्वासावर न बसता शिट्टीवरच बसलो. गोयंका गुरुजींच्या पद्धतीत हे बसत नाही, जुन्या साधकांनी रागावू नये. ब्रह्मदेशातलेच दुसरे ध्यानगुरू महासी सयाडो यांच्या पद्धतीत मात्र आवाज आला की मनात 'ऐकतोय, ऐकतोय' एवढी नोंद करायची मुभा आहे. मी स्क्रू-ड्रायव्हर लावल्यासारखा कान दिला. आणि इतके दिवस जिला मी एक सूर समजत होतो ती एक नव्हतीच. वर एक बारीक रेघ, तिच्याखाली एक जाडसर, ती हलणारी. जबडा आवळला की सूर चढतो. मधेच पातळ होतो, पुन्हा भरतो. मला चक्क उत्सुकता वाटली. किती वेळ बसलो कोण जाणे, मॅनेजर आला नाही. पुढच्या वेळी आला, पण तो आलेला मला दिसला. आधी तो कधी आत यायचा ते कळायचंच नाही.

बरं झालो का? नाही. शिट्टी आहे, लिहितानाही आहे. पहाटे तीनला अजून जाग येते, पण बहुतेक वेळा ऐकता ऐकताच डोळा लागतो. गोळी चालू आहे. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या वेळी, गच्चीवर पिपुड्या आणि "काइपो छे" सुरू झालं की मी खाली येतो, आणि नवरात्रात गरब्याच्या मैदानापासून चार हात लांबच राहतो. उरलेला कान जपायलाच हवा. जे तरुण स्पीकरला टेकून गरबा खेळतात त्यांना प्लग घ्या म्हणून सांगतो. कुणी ऐकत नाही. आवाजच इतका असतो.

एक सांगायला हवं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात, ज्यांचं जुनं दुखणं औषधाने हटत नाही अशा रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. शरीरावरून लक्ष फिरवणं, श्वास, असंच सगळं, फक्त पाली वगळून. त्याच धर्तीवर आता कर्णनादाच्या रुग्णांसाठीही वर्ग निघाले आहेत. ज्याला धर्माचं नाव नको त्याने तिकडून जावं. आणि ज्याला नैराश्याचा किंवा मनाचा मोठा आजार आहे त्याने दहा दिवसांच्या मौनात थेट उडी घेऊ नये. शिबिराच्या फॉर्मवरही ते विचारतात, तिथे खरं लिहावं. कानात अचानक आवाज सुरू झाला, ऐकू कमी झालं, तर आधी डॉक्टर, ध्यान नंतर. काही वेळा लवकर गेलं तर उपाय असतो.

राहता राहिली मेत्ता, मंगल मैत्री. शिबिरात दहाव्या दिवशी ती शिकवतात, आणि रोजच्या बैठकीच्या शेवटी करायची असते: सगळे सुखी होवोत, सगळ्यांचं भलं होवो. हिच्यासाठी करतो, मुलासाठी, सुनेसाठी, भाऊंसाठी, समोरच्या शटरवाल्यासाठीही. कपाटाची किल्ली ठेवणाऱ्या साहेबांपाशी गाडी अडते. भाऊंना म्हटलं, सुखी होवो असं काही केल्या तोंडातून येत नाही, फार तर 'बरा असो' एवढं म्हणवतं.

भाऊ म्हणाले, "तेवढं बास झालं की. पण त्यांचा पत्ता आहे का तुमच्याकडं? ऐकू येत नाही म्हणे त्यांनाबी आता. जाऊन येऊ एकदा."

पुढच्या रविवारी जायचं ठरलंय. हिचं म्हणणं, जाताना प्लगचं पाकीट भेट म्हणून नेऊ नका.